हे तुला कसं कळलं?

आज रात्री जेवणं आटोपली की घरातल्या नववीच्या मुलाला किंवा मुलीला एक छोटं गणित घाला. अ, ब आणि क हे तीन बिंदू एकाच रेषेवर आहेत. अ ते ब अंतर ७ सेंटिमीटर, ब ते क अंतर ३ सेंटिमीटर. तर अ ते क अंतर किती?

बहुतेक मुलं क्षणात सांगतात, दहा. मग विचारा, ‘आणखी एखादं उत्तर असू शकेल का?’ क हा बिंदू ब च्या पलीकडेच असला पाहिजे असं गणितात कुठेही म्हटलेलं नाही. तो अ आणि ब यांच्या मध्येही असू शकतो, आणि मग उत्तर येतं ४. दोन्ही उत्तरं लिहिली तरच गणित पूर्ण होतं. मुलाची बेरीज चुकलेली नसते. त्याने मनातल्या मनात अ-ब-क अशी मुळाक्षरांच्या क्रमाने आकृती काढलेली असते, आणि ती आकृती प्रश्नातच दिली आहे असं धरून तो पुढे गेलेला असतो.

मी नववी-दहावीला भूमिती शिकवते. दर जूनमध्ये पहिल्या तासाला फळ्यावर हेच गणित लिहिते, कारण मुलं वर्षभर जिथे अडखळतात ती जागा इथे उघडी पडते. डोळ्यांना दिसतं ते आणि खरोखर माहीत असतं ते, यांत मुलं फरक करत नाहीत. आठवीपर्यंत तो केला नाही तरी बरंचसं निभावतं. कोन मोजा, बाजू मोजा, उत्तर लिहा. नववीत गणिताची दोन पुस्तकं होतात, भाग दोनमध्ये भूमिती येते, आणि मोजपट्टीचं राज्य संपतं. आता प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहावं लागतं. सातवीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंसुद्धा इथे गोंधळतात आणि घरी म्हणतात, ‘भूमिती पाठच करावी लागते.’

तुम्ही शेजारी बसणार असाल, तर तुम्हाला स्वतःला प्रमेयं आठवत नसली तरी चालतील. एकच प्रश्न पुरतो: ‘हे तुला कसं कळलं?’ त्याची तीन उत्तरं चालतात. एक, प्रश्नात दिलं आहे. दोन, व्याख्येनेच तसं आहे. तीन, अमुक प्रमेयावरून. ‘आकृतीत दिसतंय’ हे उत्तर अजिबात चालवून घेऊ नका, मग ते खरं का असेना.

हे कसं करायचं ते एका साध्या प्रमेयावर पाहू. दोन रेषा एकमेकींना छेदतात, चार कोन होतात. घड्याळाच्या दिशेने त्यांना १, २, ३, ४ असे आकडे द्या. समोरासमोरचे कोन, म्हणजे १ आणि ३, समान असतात. मूल म्हणणार, ‘दिसतातच की सारखे!’ तुम्ही विचारा, कसं कळलं? आता त्याला शोधावं लागेल. कोन १ आणि कोन २ मिळून एक सरळ रेषा होते, म्हणजे त्यांची बेरीज १८०. कारण: रेषीय जोडीतील कोन. कोन २ आणि कोन ३ यांचीही बेरीज १८०. कारण तेच. दोन्ही बेरजांतून कोन २ काढून टाका, उरले १ आणि ३, ते समान. तीन ओळींची सिद्धता झाली. आता त्याच रेषा कितीही तिरप्या काढा, पुन्हा मोजायला नको. कात्रीची पाती असोत वा आडकित्त्याची, हे खरंच राहणार. हे एकदा जाणवलं की सिद्धता लिहिण्याची मुलांची कुरकुर बरीच कमी होते, हा माझा अनुभव आहे.

रेख आणि तिची लांबी यांत मुलं एक गोंधळ करतात, पण तो लवकर सुटतो. रेख ही आकृती आहे, लांबी ही संख्या. संख्यारेषेवर एक बिंदू उणे ३ वर आणि दुसरा ५ वर असेल तर त्यांतलं अंतर किती? घाईत २ असं उत्तर येतं, कारण ५ मधून ३ वजा केले जातात. बोट ठेवून घरं मोजायला लावा: उणे ३ पासून शून्यापर्यंत तीन, शून्यापासून पाचपर्यंत पाच, एकूण आठ. नियम हवाच असेल तर मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, चिन्हासकट. मध्यबिंदू विचारला तर दोघांची बेरीज करून निम्मी करायची, म्हणजे १. दोन दिवस सराव केला की हे बसतं.

कोनांत मात्र जास्त वेळ द्यायला हवा. पहिली गोष्ट म्हणजे कोनाच्या भुजा लांब काढल्या म्हणून कोन मोठा होत नाही. हे मुलांना विचारलं तर बरोबर सांगतात, पण शेजारी शेजारी दोन कोन काढून दाखवले, एक ४० अंशांचा आखूड भुजांचा आणि एक ३५ अंशांचा लांबलचक भुजांचा, की निम्मा वर्ग दुसऱ्याला मोठा म्हणतो. दुसरी गोष्ट कोनमापकाची. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. ६० च्या जागी १२० वाचणं ही रोजची चूक आहे. मोजण्याआधी मुलाने तोंडाने म्हणायचं, ‘हा लघुकोन आहे’ किंवा ‘हा विशालकोन आहे’, आणि मग आकडा वाचायचा. तिसरी गोष्ट नावाची. कोन अबक म्हटलं की शिरोबिंदू मधला, म्हणजे ब. अक्षरांची ही शिस्त पुढे एकरूप त्रिकोणांत फार कामाला येते. त्रिकोण अबक आणि त्रिकोण पफम एकरूप आहेत असं लिहिलं की अ ची जोडी प शी, ब ची फ शी आणि क ची म शी ठरून गेली. क्रम बदलला की विधानच बदललं. प्रश्नात ‘अनुक्रमे’ हा शब्द आला की मुलाला त्याखाली रेघ मारायला सांगा. हा एक शब्द न वाचल्यामुळे गेलेले गुण मी खूप पाहिले आहेत.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर घराघरांत होणारी एक गफलत सांगून ठेवते. आपल्याकडे असंख्य मुलं सेमी-इंग्रजीत शिकतात. पुस्तकात ‘कॉम्प्लिमेंटरी अँगल्स’ असतं. आई-बाबा मराठी माध्यमातले, ते प्रेमाने समजावतात, ‘कॉम्प्लिमेंटरी म्हणजे पूरक.’ एरवीच्या मराठीत हे बरोबरच आहे. भूमितीत मात्र पूरक कोन म्हणजे ज्यांची बेरीज १८० अंश होते ते, आणि त्यांना इंग्रजीत ‘सप्लिमेंटरी’ म्हणतात. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे बेरीज ९०, त्यांना मराठीत कोटिकोन म्हणतात. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना आपल्याकडे जुन्या काळापासून भुज, कोटी आणि कर्ण अशी नावं आहेत, आणि काटकोन सोडून उरलेले दोन कोन मिळून ९० होतातच. एवढं डोक्यात ठेवलं की कोटिकोन विसरत नाही.

समांतर रेषांच्या प्रकरणात ‘हे तुला कसं कळलं’ या प्रश्नाची खरी कसोटी लागते. मुलं कंसात कारण म्हणून ‘संगत कोन’ एवढंच लिहितात. संगत कोन हे जागेवरून पडलेलं नाव आहे. एका छेदिकेने दोन रेषांना छेदलं की संगत कोन तयार होतातच, रेषा समांतर असोत वा नसोत. ते समान असतात ते फक्त रेषा समांतर असतील तेव्हा. म्हणून ‘समांतर रेषांचे संगत कोन’ असं पूर्ण कारण लिहायची सवय हवी, आणि ते लिहिताना प्रश्नात ‘समांतर’ हा शब्द किंवा आकृतीत समांतरचे बाण खरंच आहेत का, हे पाहायला हवं. उलट बाजूने, कोन समान आहेत असं दिलं असेल तर त्यावरून रेषा समांतर ठरवता येतात. या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि कुठल्या वाटेने चाललो आहोत हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

आता आकृती काढण्याबद्दल. ‘कोणताही एक त्रिकोण काढा’ म्हटलं की शंभरातली बहुतेक मुलं देवळाच्या शिखरासारखा, दोन्ही बाजू सारख्या दिसणारा त्रिकोण काढतात. पुढे त्यात मध्यगा काढली की ती पायावर लंब दिसते, शिरोकोन दुभागते असंही दिसतं, आणि ते सगळं मूल खरं धरून लिहून टाकतं. त्याच्या त्रिकोणात ते खरंच असतं! यावर उपाय सोपा आहे. कोन साधारण ४५, ६० आणि ७५ अंशांचे होतील असा त्रिकोण काढायची सवय लावा. त्याची कुठलीच बाजू दुसरीसारखी दिसत नाही, काटकोनही दिसत नाही, त्यामुळे डोळा फसायला जागा कमी उरते. शिवाय प्रश्नात जे दिलं आहे ते पेनाने आकृतीत दाखवायचं आणि स्वतः सिद्ध केलेलं पेन्सिलीने. समान बाजूंवरच्या छोट्या रेघा, काटकोनाची चौकट, सगळं याच नियमाने. मग ‘कसं कळलं?’ याचं निम्मं उत्तर रंगातच मिळतं.

आमच्या घरामागे एक खोली वाढवली तेव्हाची गोष्ट आहे. गवंड्याने एक खुंटी ठोकली, तिथून दोन दोऱ्या दोन दिशांना ताणल्या. एका दोरीवर ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर, आणि या दोन खुणांमध्ये टेप धरला. सव्वापाच फूट आले. त्याने दुसऱ्या दोरीची लांबची खुंटी थोडी आत घेतली, पुन्हा टेप धरला, पुन्हा सरकवली. बरोबर ५ फूट आले तेव्हा म्हणाला, ‘आलं गुण्यात’, म्हणजे काटकोनात. मी हा प्रसंग दरवर्षी वर्गात सांगते आणि विचारते, गवंड्याने कुठलं प्रमेय वापरलं? सगळे एका सुरात ओरडतात, ‘पायथागोरस!’

पुन्हा वाचा, मी म्हणते. पायथागोरसचं प्रमेय काय सांगतं? त्रिकोण काटकोन असेल, तर कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. गवंड्याकडे काटकोन होता का? नव्हता, तोच तर त्याला हवा होता. त्याच्याकडे लांब्या होत्या, ३, ४ आणि ५, आणि त्यांवरून त्याने काटकोन मिळवला. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे उलटं विधान आहे, आणि तो वेगळा सिद्ध करावा लागतो. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ रचला. त्याच्या पहिल्या भागात ४८ विधानं आहेत. ४७ वं पायथागोरसचं आणि शेवटचं, ४८ वं, त्याचा व्यत्यास. एवढा मोठा भूमितिकारही ‘हे उलटूनही खरंच असणार’ असं म्हणून पुढे गेला नाही.

कारण उलटलेलं विधान दर वेळी खरं निघत नाही. चौरसाचे कर्ण समान असतात. पण कर्ण समान असलेला प्रत्येक चौकोन चौरस असतो का? आयताचेही कर्ण समान असतात. इतकंच काय, खाली रुंद, वर अरुंद आणि दोन्ही तिरप्या बाजू सारख्या असलेल्या समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात, आणि त्यात तर काटकोन एकही नाही. मग सुतार दाराची चौकट गुण्यात आहे की नाही हे दोन्ही कर्ण मोजून कसं ठरवतो? त्याने समोरासमोरच्या बाजू आधीच सारख्या मापाने कापलेल्या असतात. समोरासमोरच्या बाजू समान, म्हणून समांतरभुज चौकोन, आणि समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान असतील तर तो आयत. घरात दार किंवा खिडकी आहेच. टेप घेऊन मुलाबरोबर एकदा चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा, आणि यातलं एक जरी माप घेतलं नाही तर आपण काय ठामपणे म्हणू शकतो, ते त्याला विचारा.

शब्दांतून काटकोन कसा शोधायचा याचा सुंदर नमुना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. ग्रंथ ११५० चा. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणचा. ‘लीलावती’तलं वेळूचं गणित असं: सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा वेळू उभा आहे. वाऱ्याने तो मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं. वेळू किती उंचीवर मोडला? इथे काटकोन हा शब्दच नाही. तो ‘सपाट’ आणि ‘उभा’ या दोन शब्दांत आहे. मोडलेल्या ठिकाणची उंची शोधायची, उरलेला भाग हा कर्ण, आणि उंची व कर्ण मिळून ३२. उत्तर १२ हात येतं: १२ चा वर्ग १४४, १६ चा २५६, बेरीज ४००, म्हणजे कर्ण २०, आणि १२ अधिक २० बरोबर ३२. वेळू डोंगरउतारावर असता तर हे गणित असं सुटलंच नसतं. मुलाला गणित देताना ‘सपाट’ हा शब्द वगळून पाहा, त्याच्या लक्षात येतंय का.

निर्देशक भूमिती मुलांना सोपी वाटते आणि ती आहेही. १६३७ मध्ये देकार्तच्या पुस्तकातून ही पद्धत जगासमोर आली तेव्हा भूमितीचे प्रश्न बीजगणिताने सोडवायची वाट मोकळी झाली. चुका इथे ठरावीक होतात. (३, ५) आणि (५, ३) हे दोन वेगळे बिंदू आहेत, आधी आडवं, मग उभं. मोबाइलच्या नकाशावर मात्र याच्या उलट असतं. पुण्यासाठी तिथे १८.५२, ७३.८६ असे आकडे दिसतील. पहिला आकडा अक्षांश, म्हणजे दक्षिणोत्तर, आणि दुसरा रेखांश. नकाशा पाहणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा, नाहीतर ती बरोबर शिकलेलं चुकीच्या जागी वापरतील. (०, ४) हा बिंदू कुठल्या चरणात आहे? कुठल्याच नाही, तो य-अक्षावर आहे. आणि क्ष = ३ ही रेषा आडवी की उभी? मुलं क्ष दिसला की क्ष-अक्षाला समांतर, म्हणजे आडवी काढतात. त्यांना क्ष = ३ असलेले तीन बिंदू सांगायला लावा: (३, ०), (३, २), (३, उणे ४). हे मांडले की रेषा आपोआप उभी राहते.

आणि रविवारी दुपारी हे करा. चौकटींच्या कागदावर ८ सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून कापा. तो ३ आणि ५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन आयतांत विभागा. ८ बाय ३ चा आयत कर्णावर कापा, दोन काटकोन त्रिकोण मिळतील. ८ बाय ५ चा आयत आडवा ठेवून त्याच्या वरच्या बाजूवर डावीकडून ५ वर आणि खालच्या बाजूवर डावीकडून ३ वर खूण करून त्या खुणांमधून तिरपं कापा, दोन सारखे समलंब चौकोन मिळतील. आता हे चार तुकडे असे मांडा की १३ बाय ५ चा आयत होईल: प्रत्येक समलंब चौकोनाच्या ३ सेंटिमीटरच्या बाजूला त्रिकोणाची ३ ची बाजू चिकटवायची, आणि असे झालेले दोन भाग तिरप्या बाजूंनी एकमेकांना भिडवायचे. चौरसाचं क्षेत्रफळ ६४. आयताचं ६५. एक चौरस सेंटिमीटर आला कुठून?

मुलं तुकडे उलटेपालटे करून पाहतील. मोजपट्टीने तिरप्या रेघा मोजतील: ८.५४ आणि ५.३९, बेरीज १३.९३, आणि पूर्ण कर्णही १३.९३. मोजपट्टी काहीच सांगत नाही. मग आयताचा एक कोपरा आरंभबिंदूवर ठेवून कर्णावरचे बिंदू लिहायला सांगा: (०, ०), (८, ३) आणि (१३, ५). पहिल्या टप्प्यात ८ घरं आडवं गेलं की ३ घरं वर, म्हणजे तीन भागिले आठ, ०.३७५. दुसऱ्या टप्प्यात ५ आडवं, २ वर, म्हणजे ०.४. दहावीत याला रेषेचा चढ म्हणतात, पण नववीतल्या मुलाला भागाकार येतोच. दोन चढ वेगळे निघाले, म्हणजे तीन बिंदू एका रेषेवर नाहीत, म्हणजे आपण ज्याला कर्ण म्हणत होतो ती सरळ रेघ नव्हतीच.

आता तेच चार तुकडे काळ्या कागदावर नीट जुळवा आणि दिव्याखाली वाकून पाहा. मधोमध, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जेमतेम मिलिमीटरभर रुंद अशी एक काळी फट दिसेल. तिचं क्षेत्रफळ बरोबर एक चौरस सेंटिमीटर आहे.